उलट्या आट्यांचे नट

डाव्या बाजूच्या चाकांचे नट
उलट्या आट्यांचे असतात, हे बोस्त्यांवनं मला
मुद्दाम सांगितलं नाही.
सकाळभर मी पान्याच्या दांड्यावर उभा राहून नाचलो.
दोन बोल्ट मोडले.
तो विडी ओढत बसला होता. मग म्हणाला,
"सोडवतोय समजून आवळत होतास."
हे वाक्य पुढे मला घरीसुद्धा उपयोगी पडलं.

नावेलीच्या शेडमध्ये, चार वर्षं विटांवर,
सावर्डेकरांची बावन्न सालची प्लायमाउथ.
आजोबांनी खाणीच्या पैशातून घेतलेली.
आता नातवाला वरातीसाठी हवी होती.
तारीख पक्की, हॉल पक्का,
आणि गाडीत उंदरांची तिसरी पिढी.

पंपाचं सील
बार्जवरच्या पंपाचं घेतलं, घासून बसवलं.
गॅस्केट कापलं ते फुटक्या भाणाच्या तांब्यातून;
कुणाच्या तरी न्हाणीघराची काजळी
अजून त्याच्या पाठीला होती.
पिस्टनच्या रिंगा मिळाल्या कुठ्ठाळीला,
मेलेल्या टॅक्सीवाल्याच्या माळ्यावर,
बिस्किटांच्या डब्यात, मेणकागदात गुंडाळून,
तेल सुटलेलं नाही. त्याची सून म्हणाली,
डबा तेवढा परत द्या.
सहा व्होल्टची बॅटरी मिळेना,
जुन्या बुलेटच्या दोन जोडल्या.
धन वायर चॅसिसला,
जगाच्या उलट.

राहिलं बॉनेटवरचं जहाज.
तिथं दोन भोकं होती फक्त, कडा गंजून लाल.
कंपनीनं ही गलबतं का लावली, मला माहीत नाही.
ते कुठे आहे हे बोस्त्यांवला माहीत होतं.
तीन वर्षं त्यानं मला सांगितलं नव्हतं.

असोळणेला, एर्मेलिंदाच्या ओराटोरवर,
सांतानाच्या पायाशी.
मेनीन ही गाडी चालवायचा,
मग तार्वटी म्हणून बोटीवर लागला.
जायच्या आदल्या रात्री मालकाच्या बॉनेटचं
हे जहाज उपसून आणलं
आणि म्हणाला, एक मी नेतो, एक तुला.
त्याची बोट कुठल्या बंदरात लागली
हे कुणी कळवलं नाही.
जहाजापुढे मेणबत्ती, रोज.

बोस्त्यांवनं टोपी काढली. विचारलं.
ती म्हणाली, "व्हरून परत हाडटलो?
मेनीनूय अशेंच सांगून गेल्लो."

मग मी व्हर्नियर काढलं.
लांबी, डोलकाठी, दोन स्टडमधलं अंतर.
शाडू भिजवून आणला होता, त्यात साचा घेतला,
ती शेजारी उभी, हात पुढे धरून,
न्हाणाऱ्या पोराजवळ उभी राहावी तशी.
शिडांत वर्षांचं मेण साचलेलं.
ते खरवडू दिलं नाही तिनं.

म्हणून डिचोलीच्या कासारानं
समईच्या पितळेत ओतलं तेव्हा
शिडं जरा जाडच आली,
वारा भरल्यासारखी.
नातू म्हणाला, हे ओरिजिनल वाटत नाही.
बोस्त्यांव म्हणाला, नाहीच आहे.
आणि बिल पुढे केलं.

वरात बोरीच्या पुलापर्यंत छान गेली.
तिथं डावं मागचं चाक बसलं.
नवऱ्याचे चार मित्र, एक पाना.
पाळीपाळीनं दांड्यावर उभे राहिले म्हणे,
कोटबूट घालून.
नवरा फोंड्याला रिक्षानं पोचला.

दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी आणली.
झेंडू, टायरची काळी धूळ,
आणि पितळी शिडांच्या खाचांत
अक्षता, हळदीनं चिकटलेल्या.
त्या मी बघितल्या,
कापडानं बाकीचं बॉनेट पुसलं.

बोस्त्यांवनं विडी पेटवली.
काही बोलला नाही.
मी पाना लावला, उजवीकडे.
नट एकदा किंचाळला,
मग हातानंच फिरायला लागला.