आधी ऊब घेऊ दे

दुलमाने पेटी आणली मेंढीच्या कातड्यात गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तशी.
बाहेर उणे चौतीस. मोरोनच्या चौकात
जीपवाले इंजिनसुद्धा बंद करत नाहीत.
"चालू कर," म्हणाली, "दोन दिवस रस्त्यात गेले."

मी म्हटलं, नाही.
आधी ऊब घेऊ दे त्याला.
थंडीतून आत आलेल्या लोखंडाला घाम फुटतो,
आणि ओल्या बोर्डात वीज सोडली की संपलंच.
तू तर गुरांची डॉक्टर,
घामाघूम घोड्याला कुणी लगेच पाणी पाजतं?

मग बसली. चार तास.
खारट दूधचहाचे पाच पेले.
तीस वर्षांची नोंद आहे म्हणाली त्यात,
कुणाचे किती उंट, कुठली लस, कुठली गाय गाभण.
कॉपी? मी विचारलं.
ती चहाकडे बघत राहिली.
सगळेच तसं बघतात.

दुपारी रेडिएटरला हात लावला,
अंगातली ठिणगी तिथे उतरवली
आणि बटण दाबलं.
पंखा फिरला. स्क्रीन काळा.
बीप. बीप. बीप.
दुलमाने डोळे मिटले.
अगं, ओरडतंय ते चांगलं आहे,
मी भितो ते हूं की चूं न करणाऱ्याला.
तीनदा म्हणजे मेमरी.
पट्टी काढली, माझ्या पोरीच्या खोडरबरने
पिवळे दात घासले,
परत बसवली, दोन्ही टोकांना खट् होईपर्यंत.

एकच बीप. म्हणजे बरं आहे.
स्क्रीन मात्र काळाच.
केबल पाहिली. पिन सरळ. दुसरी केबल. तरी काळाच.
तेव्हा मी दिवा मालवला
आणि टॉर्च तिरपा धरून काचेवर टाकला.

होती तिथे अक्षरं.
विहिरीच्या तळाशी असावीत तशी, फिकी, पण होती.
चित्र शाबूत, फक्त मागचा उजेड गेलेला.
दुलमा नाक टेकेल इतकी वाकली
आणि मोठ्याने वाचू लागली:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

बॅटरी मेली की घड्याळ मागे जातं, मी सांगू लागलो,
कारखान्यातून निघालं त्या वर्षी जाऊन बसतं,
बटणाएवढी बॅटरी, दोन मिनिटांचं काम...
तिने हात वर केला.
त्याच्या पुढचा हिवाळा झुदचा होता.
बर्फाखाली गवत, बर्फावर बर्फ,
आणि तिच्या वहीत पानामागून पान
नुसती वजाबाकी.

"म्हणजे अजून वर्ष आहे," ती म्हणाली.
"सांग त्यांना. गवत कापा म्हणावं. दुप्पट."

मी काय बोलणार?
टॉर्च तिच्या हातात दिला, बॅटरी बदलली,
एफ वन दाबून आत शिरलो
आणि एक एक आकडा वाढवत आलो
नऊ, दहा,
दहावर तिचा उजेड जरा हलला,
अकरा, बारा, आणि पुढे भराभर
आजपर्यंत.
जतन करायचं का, यंत्राने विचारलं.
तिनेच बोट पुढे करून कळ दाबली.

सगळ्या नोंदी निघाल्या. दोन पेनड्राइव्हवर घेतल्या,
एक तिच्या कोटाच्या आतल्या खिशात.
स्क्रीन मी जुना दिला, कोपऱ्यात हिरवी रेघ असलेला.
पैसे बॅटरीचे घेतले. खोडरबरचे कसले घ्यायचे?
जाताना ती वाळवलेल्या दह्याची पिशवी ठेवून गेली.
दगडासारखं आहे. सकाळपासून
एकच तुकडा तोंडात घोळवतोय,
अजून विरघळला नाही.