अंगठा

मी निघाले तेव्हा कुणाला कळलंही नाही.
चाळीस हजारांच्या बाजारातून एक बाई उठली
तर काटा हलत नाही,
हे मला तरी ठाऊक हवं होतं.
सांगलीच्या यार्डात हळदीची पोती लिहिण्यात
एकोणीस वर्षं गेलीत माझी.

तिथं सगळेच अंगठेबहाद्दर.
भडंगाचा फोटो टाकला, अंगठा.
मावशी गेल्याचं टाकलं, अंगठा.
त्या पुरात रेहाना मुल्ला
आयर्विन पुलावर छत्री धरून उभी,
पट्टीवरचा आकडा वाचून दर तासाला टाकायची.
तिचा आकडा खाली खाली गेला
आणि वर तरंगत आलं
कुणीतरी कुठूनसं उचललेलं: धरण फुटलं.
गावभाग अंधारात पळाला.
उपाध्यांच्या वडिलांचा खुबा मोडला
तो त्याच रात्री, त्याच जिन्यात.
धरण होतं तिथंच होतं.
त्या पोस्टीला नऊ हजार अंगठे.

मग पार्श्वनाथ मगदूमनं
रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, मागच्या फळीवर,
एक जुना कॉम्प्युटर कायमचा चालू ठेवला
आणि म्हणाला, या.
सतरा जण आलो.

इथं फारसं काही हलत नाही.
संध्याकाळी रेहाना लिहिते: अकरा फूट. गढूळ नाही.
खाली कुणीतरी: बरं.
संपलं.
लाइट गेली की आमचं अख्खं जग जातं.
पार्श्वनाथ स्कूटरवरून भिजत दुकानात जातो,
मशीन उठवतो, विचारतो: आलं का?
आम्ही एकेक जण म्हणतो, आलं,
शाळेत हजेरी द्यावी तसं.

भांडणंही होतात.
आणि सतरांत भांडलेला माणूस
दुसऱ्या दिवशी मेथीच्या पेंडीपलीकडं उभा असतो.
कदमकाका नऊ दिवस बोलले नाहीत माझ्याशी,
काकडी कोवळी म्हणायची की कवळी, यावरून.
दहाव्या दिवशी लिहिलं: कोवळी पण चालेल.

खोटं कशाला बोलू,
एकदा गेले होते मी परत.
जेवणं आटपल्यावर, दिवा बारीक करून,
बघायला, की आपली जागा रिकामी दिसते का.
माझ्या जागी गुडघेदुखीचं तेल बसलेलं.
फक्त कंपनीनं लिहिलं होतं,
तुमची आठवण येते,
आणि खाली माझं आडनाव, चुकवून.

म्हटलं, खातं बंदच करू.
तर फोननं अंगठा मागितला.
ठेवला. ओळखेना.
पुन्हा ठेवला.
रेषारेषांत दिवसभराची हळद.
हात धुऊन येते म्हटलं,
पण यार्डातली हळद ती,
चार पाण्यांनी जात नाही.

तेवढ्यात रेहानाचं आलं:
साडेबारा. वर कोयनेकडं पडत असणार.
मी पिवळ्याच बोटानं लिहिलं:
बरं.