काटा

कुडचड्यात कायतानच्या गॅरेजमागे
उभ्या टिपरचा रेडिएटर मिळाला, साडेचारशेला.
वर रबरी नळी फुकट
आणि एक सल्ला : पुता, बोअरचं पाणी घालू नको, आतून धरतं.

संगणक त्याआधीच घरी आलेला.
खाण बंद पडली, वजनकाट्याची खोली रिकामी झाली,
भंगारवाल्याने तो किलोवर उचलला,
मी त्याच्याकडून नगावर घेतला.
उघडला तर पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ,
इतकी मुरलेली की दात घासायचा ब्रशही रंगला.
प्रोसेसरच्या पाठीवर कोरलेलं : दोन पूर्णांक आठ.
त्यापुढे जाऊ नये, असं कारखान्याचं म्हणणं.

गुणकाला कुलूप आहे, साडेदहाचं.
मागचं घड्याळ मात्र ढकलता येतं.
दोनशे सहासष्ट. तीनशे. तीनशे वीस.
निळा पडदा आला की दोन पावलं मागे,
मग व्होल्टेज चिमूटभर वर,
उपासाच्या दिवशी आमटीत मीठ घालावं तसं, चव न बघता.

तीनशे साठला ऐंशी अंश.
टेबलफॅन लावला, कूलरचा पंप लावला,
जोडांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर तार.
पलंगाखाली रेडिएटर. रात्री पाय खाली सोडले
की घोट्यांना गरम वारा.

शनिवारी पाव्लिनाकडे बर्फ मागितला, खोक्यासकट.
कसल्या मासळीला, म्हणाली.
संगणकाला, म्हटलं.
तिने माझ्याकडे नीट पाहिलं
आणि पिशवीत दोन बांगडे टाकले, पैसे न घेता.

बाबा दारात उभे होते.
अकरा वर्षं टिपर, त्यानंतर नुसतं दार.
कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही.
म्हणाले, बर्फ घालतोस तर रेडिएटर काढ.
बाहेरचा उकाडा तो आत ओढील.
मी थांबलो. तीन रात्री वाचलं होतं मी,
आणि हे कुठे वाचलं नव्हतं.
काढला.

मग सॉकेटभोवती व्हॅसलीन,
खोडरबर कापून फटीत कोंबलं.
आमच्या हवेत थंड वस्तूला लगेच घाम फुटतो,
त्या घामाचा एक थेंब पुरे.
चाळीस अंश. सत्तावीस. एकोणीस.
नळीतून बांगड्याच्या वासाचं पाणी फिरू लागलं.

डिस्क मी पुसली नव्हती.
काट्याचा जुना प्रोग्राम अजून उघडत होता,
वेगाची परीक्षा म्हणून त्यालाच कामाला लावलं :
सगळ्या वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज कर.
बाबांच्या गाडीचा नंबर टाकला.
नऊ टन आठशे. नऊ टन नऊशे. नऊ टन साडेआठशे.
एकही फेरी दहाच्या वर नाही.

बाबा आधी गप्प. मग इतके हसले
की त्यांना खोकला आला.
पंधरा घालायचे रे. चढावर पुढची चाकं हलकी व्हायची,
पाटे उलटे वाकायचे.
ह्या खोक्याला शिकवून ठेवलेलं,
दहाच्या वर बोलायचं नाही.

मी घड्याळ चारशेवर नेलं.
पडदा काळा, नंतर उजेड.
चार पूर्णांक दोन, असं त्याने लिहिलं.
बाबांनी वाकून वाचलं, अक्षर अक्षर.
खरं सांगतोय हा?

माझ्याकडे दुसरा काटा नव्हता.
पंप घुरघुरत होता. खोक्यात बर्फ तडकला.
बाबांनी नळीला हात लावला,
मग कान तिरका करून बसून राहिले,
सावर्ड्याच्या चढावर बसायचे तसे,
गिअर बदलायचा की नाही ते ठरवत.

अकरा मिनिटं चाललं.
नंतर वीज गेली, आख्ख्या वाड्यावरची.
अंधारात आईने विचारलं,
बांगडे तळू की तेही कामाला लागलेत?