शोध शुल्क

जन्म-मृत्यूच्या खिडकीवर दुसाने मॅडम विचारतात,
कारण काय लिहू?
वारस, विमा, पेन्शन, जातपडताळणी,
यातलं एक सांगा.
मी म्हणतो, पणजी कशानं गेली ते बघायचंय.
त्या चष्म्यावरून बघतात
आणि 'इतर'वर खूण करतात.

एका वर्षाचा शोध, एका वर्षाचे पैसे.
साल नक्की ठाऊक नाही, म्हणून
मी पाच वर्षं विकत घेतली,
सोळा ते वीस.
कोर्ट फीचं तिकीट थुंकी लावून चिकटवलं.
एसटीत एकतीस वर्षं तिकिटं फाडली,
चिकटवायची सवय नाही.
तिरकं बसलं.

खरं तर मुक्ताच्या डॉक्टरनं विचारलं म्हणून हे सगळं.
घराण्यात कुणाला हृदयाचं?
कमी वयात कुणी गेलंय?
आजोबा सांगायचे ते एवढंच :
आई गेली तेव्हा मी पायरीवर बसून चुरमुरे खात होतो.
कुणी दिले होते, कुणास ठाऊक.
खारट होते.

तीन सोमवार 'पुढच्या सोमवारी या'त गेले.
चौथ्या सोमवारी रजिस्टर वर आलं,
कापडात बांधलेलं, काथाच्या रंगाचं, सगळं मोडीत.
अहिरराव गुरुजींना रिक्षानं आणलं.
पानामागे शंभर रुपये, शिवाय चहा.
बोट कागदाला न टेकवता ते वाचत होते,
तापल्या तव्यावरून हात फिरवावा तसे.

'धोंडू वलद गणू, जात तांबट,
राहणार तांबट आळी, याची बायको.
वय अदमासे बावीस.'
नाव?
एवढंच आहे, गुरुजी म्हणाले.
खबर देणार शेजारी, निशाणी अंगठा.
आणि रोगाच्या रकान्यात
दोन टिंबं.

म्हणजे वरीलप्रमाणे.
वरच्या ओळीत दोन टिंबं. त्याच्या वर दोन.
आम्ही जिना चढावा तसे चढत गेलो,
पान मागे उलटलं,
एक मूल, एक भिस्ती, कुणाची सासू,
अठ्ठावीस मयतांच्या वर
एकदाच, सावकाश लिहिलेलं :
ताप.
मानमोडी हो, गुरुजी म्हणाले, महिना बघा ना.
लिहून लिहून कारकुनाचा हात दुखला असेल.
पुढच्या पानावर अक्षर बदललं होतं.
का बदललं, त्याला रकाना नव्हता.

दाखला छापून आला.
मृताचे नाव : धोंडू गणू तांबट याची बायको.
नाव घालायचं तर पुरावा लागेल,
काहीही चालेल, मॅडम म्हणाल्या, त्या काळातलं.

दुसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन गेलो.
पिशवीत मावेना, काखेत धरला.
गळ्याखाली पणजोबानं स्वतःच्या पोगरानं
टिंब टिंब ठोकलेली तीन अक्षरं :
गोजरा.
सौ. नाही. धोंडूची नाही.
रांगेतला एक जण म्हणाला, काका, कल्हईवाला पलीकडे बसतो.

मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढला,
अक्षरांवरून दोनदा फिरवला.
रा जरा वाकडाय, म्हणाल्या.
मग खुर्ची मागे घेत, अगदी हळू,
पण दादा, याची झेरॉक्स
मी कशी लावू?

मुक्ताला फोन केला. ताप लिहिलाय म्हटलं.
हृदयाचं काही नाही ना?
त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हटलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर विशीतला,
गोजराहून दोनेक वर्षांनी लहान.
हंड्याचं लगेज पडेल, म्हणाला,
मी रिटायर माणूस आहे हे त्याला काय माहीत.
फाड, म्हटलं.
दोन तिकिटं दिली त्यानं, एक माझं, एक तिचं.
तिकिटावर नाव नसतंच.
मी इतकी वर्षं फाडली,
कधी कुणाला विचारलं नाही.
हंडा मांडीवर घेतला.
द्वारका सर्कलला गचका बसला तेव्हा
आतून आवाज आला, रिकामा,
आणि पुढच्या सीटवरची बाई
वळून बघू लागली.