लेबलाच्या पाठीवर

सेतुबालमध्ये, बंद पडलेल्या सार्डिन कारखान्याच्या मागे,
जाळी शिवायच्या खोलीत, मंगळवारी चार वाजता
सहा बायका एक पुस्तक लिहायला बसतात.
पुस्तक कारखान्याचं. म्हणजे भोंग्याचं, मिठाचं,
आणि बोटांच्या पेरांत मोडून राहिलेल्या,
अजून थंडीत ठणकणाऱ्या काट्यांचं.

पहिल्याच मंगळवारी भांडण झालं.
फेलिझमीनानं झुल्मीराचं वाक्य खोडलं,
न विचारता, लाल पेन्सिलीनं,
जसा मुकादम नासका डबा बाजूला काढायचा
तळाला टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून.
झुल्मीरा उठली, शाल घेतली, गेली.
कॉफीचे कप सहा होते. एक निवत राहिला.

मग नियम करायचं ठरलं.
कागद नव्हता; कपाटात जुनी लेबलं होती,
पुढून सोनेरी मासा, मागून कोरी.
बाल्बिनाचं अक्षर बरं, म्हणून पेन तिच्याकडे.

लिही, एर्मिनिया म्हणाली,
दुसरीच्या ओळीला हात लावायचा तर आधी तिच्या डोळ्यांत बघायचं.
आणि डोळेच अधू असले तर?
(हे अदोझिंदानं विचारलं, तिला मोतीबिंदू आहे.)
मग खांद्यावर हात ठेवायचा. तेही लिही.
'असं झालंच नाही' म्हणायचं नाही,
'मला असं आठवत नाही' म्हणायचं,
आणि दोन्ही आठवणी लगटून ठेवायच्या
डब्यातल्या माशांसारख्या,
एकीची मान तिथं दुसरीची शेपटी.
खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
ज्या मेल्या त्यांच्याविषयी असं लिहायचं
की त्या दारात उभ्या राहून ऐकताहेत.
तेव्हापासून ते दार उघडंच असतं.
वारा येतो. कुणी लावत नाही.
लाल पेन्सिल खिडकीतून फेकली. समुद्रात नव्हे,
खाली पार्किंग आहे.

लेबलाची नक्कल झुल्मीराच्या दाराखालून सरकवली.
पुढच्या मंगळवारी ती आली, शाल न काढता बसली.

मग संपाचं प्रकरण आलं.
एर्मिनियानं वाचलं: 'त्या हिवाळ्यात आम्ही
कुणीही फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.'
कासिल्दा कप बशीत ठेवू बघत होती, बशी सापडेना.
ती गेली होती आत. अकरा दिवस, मागच्या दारानं,
घरी तापानं फणफणलेलं पोर.
हे सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षं ठाऊक होतं.

त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे, नॉश.
इथं उतरवताना मीच अडले:
आम्ही लिहू, की आपण?
आपण म्हणजे तुझ्यासकट. आम्ही म्हणजे तू सोडून.
आणि वर बघा, घाईघाईत
मी 'आम्ही' लिहून मोकळी झाले आहे.
मला जे एका शब्दात उरकता आलं
त्याला त्यांना सबंध दुपार लागली.

शेवटी झुल्मीरा बोलली, जी फारशी बोलत नाही:
तो शब्द लिहिण्याआधी टेबलाभोवती एकदा बघावं.
कोण त्यात मावत नाही, मोजावं.
बाल्बिनानं लेबलाच्या कडेला, उरल्या जागेत,
तिरकं करून बसवलं.

वही कासिल्दापुढे सरकली.
बराच वेळ ती नुसती बसली.
मग तिनं एर्मिनियाच्या डोळ्यांत बघितलं.
एर्मिनियानं, थोड्या उशिरानं, मान हलवली.
एक रेघ. खालचं वाचता येईल अशी.
वर एक ओळ तिच्या हातची.
ती मला कुणी दाखवली नाही, मीही मागितली नाही.

पुस्तक अजून व्हायचंय.
लेबल टाचणीनं भिंतीला लावलंय,
नियम खोलीकडे,
मासा भिंतीकडे तोंड करून.