ठिपके

दुकानातला जुना कॉम्प्युटर विकायचं ठरलं.
घेणारा इक्बाल मन्यार, धुळ्याचा,
बाहेर टेम्पो सुरूच ठेवून उभा.
म्हटलं, पाच मिनिटं दे,
आतलं आवरते.

आत ब्राउझर. ब्राउझरच्या पोटात यादी.
चारशे सहा नावं,
पारोळ्याची, बहादरपूरची, तामसवाडीची,
प्रत्येकापुढे काळे ठिपके
आणि ठिपक्यांशेजारी एक डोळा.
डोळ्यावर बोट ठेवलं
की ठिपक्यांची अक्षरं होतात.
तू कोण, असं विचारतसुद्धा नाही.

सात वर्षं मात्र दर वेळी विचारायचा,
लक्षात ठेवू का?
मी हो म्हणायची. बाहेर रांग असायची.
हिलाल आप्पा तर हसायचेच,
"तूच ठेव माय, मन्हा ध्यानमा कोठे ऱ्हास!"

मला वाटायचं, तिजोरी आहे.
इक्बालचा पुतण्या रिपेरिंग शिकलेला, तो म्हणाला,
कुलूप आहे ताई, चांगलं आहे,
फक्त किल्ली त्याच कडीला
सुतळीने बांधलेली आहे.

जळगावला सासूबाईंच्या पाटल्या लॉकरात आहेत.
तिथे दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली,
वर शिपाई वहीत सही घेतो.

मग यालाही द्यायची का एक किल्ली,
माझ्या डोक्यातली?
आणि मीच विसरले तर?
चारशे सहा माणसं माझ्या विसरण्यात कोंडलेली,
हिलाल आप्पांची पेन्शन धरून.

एकेक डोळा उघडत गेले.
पारोळा अ‍ॅट एकदोनतीन.
पारोळा अ‍ॅट एकदोनतीन.
पारोळा अ‍ॅट एकदोनतीन.
मीच टाकून दिलेला, घाईत, सगळ्यांना.
कसली सुतळी आणि कसलं काय.

मग निंबाबाई पौलाद भिल.
एकवीस ठिपके.
हिने स्वतः टाकला होता,
एका बोटाने, अकरा मिनिटं लावून.
रांग कुरकुरत होती, आणि ही मला म्हणाली,
"ताई, तू भितकडे तोंड कर बरं."
मी केलं होतं.

बोट डोळ्यापर्यंत गेलं.
तिथेच राहिलं.
बाहेर हॉर्न.

डिस्क मी ठेवते, म्हटलं, रिकामा डबा ने.
इक्बालने आठशे कापले.
पुतण्या स्क्रू फिरवत होता तोवर
मी भिंतीकडे तोंड करून उभी.
भिंतीवर दरपत्रक, माझ्याच अक्षरात,
शेवटची ओळ लाल पेनाने:
पासवर्ड विसरल्यास
वीस रुपये.