डावीकडचा पडदा

सौद्याची फाईल उघडते.
म्हणजे, उघडली असं खालची पट्टी सांगते.
समोर काहीच नाही.
ती डावीकडं उघडलेली असते,
जिथं आता नुसती भिंत आहे,
भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर
आणि बोटं पुसल्याचे पिवळे डाग.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यात
संक्रांतीपर्यंत तीन पडदे होते.
मधे माझा लॅपटॉप, पुठ्ठ्याच्या खोक्यावर.
उजवीकडं पतसंस्थेच्या लिलावातला जुना चौकोनी,
त्यात वर्तुळ काढलं तरी अंडं दिसायचं.
आणि डावीकडं भरतेशकाकांचा, चोवीस इंची,
पावणेदोनशे टक्क्यांवर लावलेला.
त्यात तीन ओळी मावायच्या.
काका म्हणायचे, माणसानं एका वेळी तीनच बघाव्यात,
चौथीत चूक होते.

खिडकी त्यांच्याकडं सरकवली
की मधल्या उंबऱ्यावर अडखळायची,
अर्धी इकडं बारीक, अर्धी तिकडं ढब्बू,
मग एकदम फुगायची भिजल्या साबुदाण्यासारखी.
परत ओढली की मुंग्या.
तेरा हजार की अठरा,
मी नाक टेकवून वाचायचे.
लाईट जाऊन आली की तिघं वेगवेगळ्या वेळी जागे व्हायचे,
आणि जो आधी उठेल तो सगळ्या खिडक्या
एकाच वाकळेसारख्या अंगावर ओढून घ्यायचा.

मिरजेहून इरफान मुजावर यायचा.
केबल काढायचा, फुंकर मारायचा, घालायचा,
हळदीनं शिंकायचा,
"रेझोल्यूशन" एवढंच बोलून दीडशे न्यायचा.
पण त्यानंच एकदा जाता जाता शिकवलं:
ऑल्ट, स्पेस, मग एम, मग बाण दाबून धरा.
दिसत नसली तरी ऐकते ती.

संक्रांतीनंतर काकांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
काहीतरी बिघडलं.
आता ते हरिपूरला घरीच असतात.
पडदा नातवानं नेला, त्यावर तो क्रिकेट खेळतो.
केबल राहिली, टेबलामागं लोंबकळत,
उंदरानं टोक चाखून सोडलेली.
फाईलला हे कुणी सांगितलं नाही.
ती रोज सकाळी त्यांच्या जागी जाऊन बसते,
त्यांच्याच मापाची.

सेटिंगमधून कायमचं नीट करता येतं.
इरफाननं फोनवर सांगितलंय, दोन मिनिटांचं काम.
करीन.

साडेअकराला काकांचा फोन येतो.
"आडमुठ्यांची गेली का गं? कितीला?"
हमाल ओरडतायत, तोलाईवाला पावती मागतोय,
फोन खांद्यात धरून मी
ऑल्ट, स्पेस, एम,
आणि उजवा बाण दाबून ठेवते.
आंधळेपणानं. किती लांब गेलीये कोण जाणे.

मग डाव्या काठावरून एक पांढरी कड आत येते.
शेवटचा रकाना आधी.
"थांबा काका, नुसता भाव आलाय.
सोळा हजार चारशे.
कुणाचा, ते अजून यायचंय."
"पोती?"
"येतायत… बेचाळीस."
"मग समडोळीचेच असणार," काका म्हणतात,
"पण रेट तू. नाव दिसल्याशिवाय सांगू नकोस.
मी धरून ठेवतो."

मी रेटतेय.
'ठे' आला.